दोनशे चौदा कोटींची मूळ संख्या वहीत कशी तपासावी

लागणारं सामान आधी सांगतो, कारण ते स्वस्त आहे. रेघांची लांब वही, पेन्सिल आणि बारा आकडी कॅल्क्युलेटर, दुकानाच्या गल्ल्यावर असतो तसला. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला गेलात तर वह्या डझनाने घ्या, सुटी वही महाग पडते. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर शक्यतो नको. आकडा फार मोठा झाला की तो शेवटचे अंक गिळून गोल रक्कम दाखवतो, आणि या कामात शेवटचा अंकच सगळ्यात मोलाचा. खोडरबरही नको. चुकलं तर आडवी रेघ मारायची आणि शेजारी बरोबर आकडा लिहायचा. दाणाबंदरच्या पेढ्यांवर कीर्द-खतावणी लिहिण्यात माझी नोकरी गेली. तिथे खोडलेला आकडा कुणी मानत नसे, आणि मीही मानत नाही.

संख्या आहे २१४७४८३६४७. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर २,१४,७४,८३,६४७, म्हणजे दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडून हिला कशानेही नि:शेष भाग जात नाही. हे गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं, यंत्राशिवाय, आणि तेही डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नसताना.

आमच्या मजल्यावर अकरावीतली एक मुलगी आहे. ती म्हणाली, "काका, मूळ आहे हे फोन एका सेकंदात सांगतो. मग वही कशाला?" मी म्हटलं, पासबुकही शिल्लक सांगतंच, तरी महिनाअखेरीला आपण ताळा करतोच ना. पण खरं कारण वेगळं आहे. ही संख्या नुसती रेटून भागत बसलात तर जवळपास ४८०० भागाकार करावे लागतील. ती कशी बनली आहे ते आधी पाहिलंत तर ऐंशीच्या आसपास भागाकारांत काम उरकतं. हा फरक कुठून येतो ते स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय अंगात मुरत नाही.

संख्या स्वतः तयार करा

कागदावरून उतरवून घेऊ नका, तयार करा. २ चा १० वा घात १०२४. त्याचा वर्ग १०४८५७६, हा २० वा घात. याला पुन्हा १०२४ ने गुणलं की १०७३७४१८२४, हा ३० वा. दुप्पट करा: २१४७४८३६४८. एक वजा करा. झाली संख्या.

म्हणजे आपली संख्या २ चा ३१ वा घात वजा १ आहे. अशा घडणीच्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मर्सेन हा फ्रेंच धर्मगुरू. घातांक कोणता घेतला की अशी संख्या मूळ निघते याची यादी त्याने १६४४ मध्ये छापली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. यादीत चुका होत्या. ६७ आणि २५७ चालत नाहीत, आणि ६१, ८९, १०७ सुटलेच. ३१ मात्र बरोबर.

घातांक मूळ नसेल तर संख्याही मूळ नसते, हे सोपं आहे. उलटं मात्र खरं नाही. घातांक ११ घेतला तर २०४७ येतात, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. हे उदाहरण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

शाळेतल्या कसोट्या उरकून घ्या

शेवटी ७ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४६, म्हणून ३ बाद. ७, ११ आणि १३ या तिघांसाठी वेगवेगळं भागू नका. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा: ६४७, ४८३, १४७, २. आता एक आड एक बेरीज-वजाबाकी: ६४७ − ४८३ + १४७ − २ = ३०९. आपल्या संख्येला ७, ११ किंवा १३ ने भागून जी बाकी येईल तीच ३०९ ला येते, कारण ७ × ११ × १३ = १००१. ३०९ ला ७ ने भागून बाकी १, ११ ने बाकी १, १३ ने बाकी १०. तिघेही बाद.

या कसोट्यांवर याहून जास्त वेळ घालवू नका. त्यांनी फक्त पेन्सिल चालू होते.

किती लांब जायचं

संयुक्त संख्येचा सर्वांत लहान मूळ भाजक तिच्या वर्गमूळापेक्षा मोठा असू शकत नाही. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६००, आणि ४६३४१ चा २१४७४८८२८१. आपली संख्या या दोघांच्या मध्ये बसते, म्हणून ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्या पाहिल्या की पुरे. त्या सुमारे ४८०० आहेत. इटलीतल्या काताल्दीने १५८८ मध्ये घातांक १७ आणि १९ च्या संख्या अशाच रेटून मूळ ठरवल्या होत्या. त्याच्या चिकाटीला नमस्कार, पण आपण तसं करणार नाही.

सगळी कमाई इथे आहे

हा भाग सावकाश वाचा, हवं तर दोन बैठकींत.

कुठलीही विषम मूळ संख्या घ्या, समजा ७. आता २ चे घात एकामागून एक घेत जा आणि दर वेळी ७ ने भागून फक्त बाकी लिहा: २, ४, १, २, ४, १. बाक्यांचा फेरा पडतो, तीनाचा. ३१ घेऊन करा: २, ४, ८, १६, १, इथे फेरा पाचाचा. प्रत्येक विषम मूळ संख्येला असा फेरा असतो आणि तो १ वर पुरा होतो. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये एका पत्रात लिहिलेला नियम असा की भाजक मूळ असेल तर २ च्या (भाजक − १) या घाताला त्याने भागून बाकी १ च येते. म्हणून फेऱ्याची लांबी ही (भाजक − १) ला नि:शेष भागते. ७ साठी ३ ने ६ ला भाग जातो, ३१ साठी ५ ने ३० ला.

आता समजा, आपल्या संख्येला भ या मूळ संख्येने भाग जातो. म्हणजे २ च्या ३१ व्या घाताला भ ने भागलं तर बाकी १. फेऱ्याची लांबी ३१ ला भागणारी हवी. ३१ मूळ आहे, त्यामुळे ती १ किंवा ३१. एकाचा फेरा असणं शक्य नाही, कारण २ ला भागून बाकी १ येण्यासाठी भ म्हणजे १ च असावा लागेल. उरली ३१. म्हणजे भ वजा १ ला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. भ विषम, म्हणून भ वजा १ सम, म्हणजे २ नेही भाग जाणार. दोन्ही मिळून ६२.

म्हणून भाजक असलाच तर तो ६३, १२५, १८७, २४९, ३११ असा ६२ च्या टप्प्याने येणाऱ्यांपैकीच कुणीतरी असणार. एका झटक्यात बाकी सगळे गेले.

अजून एक चाळणी आहे. २ च्या ३१ व्या घाताची बाकी १, तर ३२ व्या घाताची बाकी २. पण ३२ वा घात म्हणजे १६ व्या घाताचा वर्ग. म्हणजे एका वर्गाला भ ने भागून बाकी २ उरली. हे सगळ्याच मूळ संख्यांना जमत नाही. ज्यांना ८ ने भागून बाकी १ किंवा ७ येते त्यांनाच जमतं. हा नियम इथे सिद्ध करत बसत नाही, पण करून पाहा: ७ साठी ३ चा वर्ग ९, बाकी २. जमलं. ५ साठी वर्गांच्या बाक्या १ आणि ४ एवढ्याच येतात, २ कधीच नाही.

दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की ६२ च्या टप्प्यांतले चारातले दोन उरतात. १२५ ला ८ ने भागून बाकी ५, बाद. १८७ ला ३, बाद. राहिले दोन प्रकार: २४८न + १ आणि २४८न + ६३.

पहिल्या पानावरच्या २०४७ वर याचा ताळा घ्या. तिथे घातांक ११, म्हणून टप्पा २२. भाजक २३ म्हणजे २२ + १, आणि ८९ म्हणजे ४ × २२ + १. आठाने भागून २३ ची बाकी ७, ८९ ची १. नियम बसला.

दोन रकाने आखा

पानावर उभी रेघ मारा. डावीकडे २४८न + १, उजवीकडे २४८न + ६३. डावीकडे १८६ आकडे येतील (न = १ पासून), उजवीकडे १८७ (न = ० पासून). ६३ तर ७ × ९ आहे, तो सोडला की राहिले ३७२. सुरुवात अशी दिसेल: ६३, २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३, १४८९, १५५१…

यातले संयुक्त आकडे काट मारून उडवायचे, आणि ते नजरेने होतं. डाव्या रकान्यात न = १, ४, ७ अशी दर तिसरी ओळ ३ ने विभाज्य. उजव्या रकान्यात न = ०, ३, ६. पाचासाठी डावीकडे न = ३, ८, १३, उजवीकडे न = ४, ९, १४. सातासाठी डावीकडे २, ९, १६, उजवीकडे ०, ७, १४. पुढे ११, १३, १७… ही पावलं स्वतः शोधा, मजा येते. उजवीकडे न = ८ वर कोण बसलंय ते बघा: २०४७. ओळखीचा चेहरा, पण काट मारा.

असं ४६३४० पर्यंत गेलात की ऐंशीच्या आसपास मूळ आकडे उरतात. एवढ्यांनीच भागायचं. मी हे काम लोकलमध्ये कधी करत नाही. धक्क्यात रकाना चुकतो आणि सगळं पान वाया जातं.

भागाकार आणि त्याचा ताळा

पहिला उमेदवार ३११. कॅल्क्युलेटरवर २१४७४८३६४७ ÷ ३११ केलं की ६९०५०९२ आणि पुढे दशांश दिसतात. दशांश विसरा. ६९०५०९२ × ३११ = २१४७४८३६१२. वजा केलं की बाकी ३५. शून्य नाही, ३११ बाद. वहीत तीन आकडे लिहा: भाजक, भागाकार, बाकी. नुसतं "नाही" लिहून पुढे जाऊ नका. पुढे शंका आली तर पाहायला काहीच उरत नाही.

ताळा नऊ टाकून घ्या. ६९०५०९२ च्या अंकांची बेरीज ३१, म्हणजे ४. ३११ ची ५. चार पाचे वीस, म्हणजे २. बाकी ३५, म्हणजे ८. २ आणि ८ दहा, म्हणजे १. आपल्या संख्येची ४६, म्हणजे १०, म्हणजे १. जमलं. या ताळ्याला अंकांची अदलाबदल कळत नाही, ६१ च्या जागी १६ लिहिलंत तरी तो मान डोलावतो. म्हणून दर दहा-बारा ओळींनी एखादा भागाकार अगदी वेगळ्या वाटेने करून पाहा.

वेगळी वाट अशी. ३११ पुरतं बोलू. २ चा ८ वा घात २५६, तो ३११ ला ५५ ने कमी आहे, म्हणून −५५ लिहा. वर्ग ३०२५, त्यातून ३११ ची नऊपट २७९९ काढली तर २२६, म्हणजे −८५. हा १६ वा घात. −८५ गुणिले −५५ = ४६७५, यातून ४६६५ (पंधरापट) काढले, राहिले १०. हा २४ वा घात. ३१ व्या घातासाठी अजून सात दुपटी, म्हणजे १२८ ने गुणा: १२८०, त्यातून १२४४ काढले, ३६. एक वजा, ३५. तीच बाकी आली. या वाटेला कॅल्क्युलेटर लागतच नाही.

स्वतःची सुरुवात पडताळायला आणखी दोन देतो: १३०३ ने बाकी २२६ यायला हवी, १४८९ ने १९९. या आल्या तर तुमची गाडी रुळावर आहे. बाकीचे ऐंशी तुमचे तुम्ही करा.

एक सावधगिरी. कॉलेजातल्या मुलांना फर्माची कसोटी माहीत असते: २ चा (संख्या − १) वा घात घ्या, बाकी १ आली तर बहुधा मूळ. घातांक मूळ असलेल्या मर्सेन संख्यांवर पाया २ घेऊन ती वापरू नका. २०४७ सुद्धा या कसोटीत पास होते, कारण २०४६ ला ११ ने भाग जातो आणि अकराव्या घातावर बाकी १ च असते. पाया ३ घ्या, मग खोटं उघडं पडतं.

दुसरी पद्धत: वर्ग करा, दोन वजा करा

भागाकारांचा कंटाळा असेल तर ही वाट. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ आकडी संख्या मूळ ठरवली ती याच जातीच्या युक्तीने, आणि १९३० च्या सुमारास लेहमरने तिला आजचं सुटसुटीत रूप दिलं. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे करा. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाहीतर नाही. "बहुधा" वगैरे भानगड नाही.

आधी १२७ वर करून हात बसवा. घातांक ७, म्हणून पाच वेळा. ४ वरून १४. १४ वरून १९४, बाकी ६७. ६७ चा वर्ग ४४८९, वजा दोन ४४८७. आता १२७ ने भागायचं नाही. १२८ ने भागा: भागाकार ३५, बाकी ७. दोघांची बेरीज ४२, तीच उत्तराची बाकी. १२८ ला १२७ ने भागून बाकी १ येते ना, म्हणून. नऊ टाकताना अंकांची बेरीज चालते, तेच तत्त्व. पुढे ४२ चा वर्ग वजा दोन १७६२: तेरा वेळा १२८ आणि ९८ उरले, बेरीज १११. मग १११ चा वर्ग वजा दोन १२३१९: ९६ आणि ३१, बेरीज १२७. म्हणजे शून्य. १२७ मूळ.

२०४७ वर कराल तर नऊ पावलं: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही. संयुक्त. गंमत म्हणजे भाजक कोण ते ही पद्धत सांगत नाही, फक्त आहे एवढंच सांगते.

आपल्या संख्येला २९ पावलं लागतात. सुरुवात मऊ आहे: ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. इथपर्यंत भागावंही लागत नाही. यापुढे वर्ग एकोणीस आकडी जातो आणि बारा आकडी यंत्र हात टेकतं. तेव्हा आकड्याचे पाच-पाच अंकांचे दोन तुकडे करून गुणाकार करा, किंवा सरळ नातवंडांना पायथन या संगणकाच्या भाषेत चार ओळी लिहायला सांगा. माझं मत विचाराल तर इथे संगणक घेण्यात कमीपणा नाही. चाळणी हाताने, वर्ग यंत्राने.

शेवटून दुसरं पाऊल मात्र हाताने तपासाच. तिथे ६५५३६ येतं. हा २ चा १६ वा घात. त्याचा वर्ग ४२९४९६७२९६, वजा दोन ४२९४९६७२९४, आणि हे बरोबर दोनदा २१४७४८३६४७. बाकी शून्य.

मूळ ठरली, आता तिच्याकडे बघा

एक कमी करा आणि अवयव पाडा. २१४७४८३६४६ म्हणजे २ × ३२७६७ × ३२७६९, कारण ३० वा घात वजा १ हा पंधराव्या घाताच्या आगेमागे फुटतो. ३२७६७ = ७ × ३१ × १५१, आणि ३२७६९ = ९ × ११ × ३३१. इतकी मोठी संख्या आणि अवयव इतके लहान. हे पाठ करण्यासारखं आहे.

याचा उपयोगही झाला. १ घ्या, १६८०७ ने (म्हणजे ७ च्या पाचव्या घाताने) गुणा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा, आणि करत राहा: १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३… १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकदा येऊन गेल्याशिवाय हा फेरा पुन्हा १ वर येत नाही. संगणकात सोंगट्या टाकल्यासारखे बेभरवशाचे आकडे काढायला ही रीत वापरत, १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी ती किमान दर्जा म्हणून सुचवली. तो पूर्ण फेरा पडतो हे तपासायलाही वरचे लहान अवयवच कामाला येतात.

२ च्या ३० व्या घाताने आपल्या संख्येला गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८, ही आठवी परिपूर्ण संख्या. स्वतःला सोडून बाकीच्या भाजकांची बेरीज केली तर तीच परत. पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८११ मध्ये लिहून ठेवलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडायची नाही, कारण निरुपयोगी गोष्टीमागे कोण लागणार! लोक लागले.

आणि ही संख्या तुमच्या खिशातही आहे. संगणकातल्या ३२ बिटांच्या, म्हणजे शून्य-एकाच्या ३२ घरांच्या, चिन्हासहित पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. जुन्या संगणक-व्यवस्था १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा जागेत मोजतात. ८६४०० ने भागा: २४८५५ दिवस आणि उरले ११६४७ सेकंद, म्हणजे ३ तास १४ मिनिटं ७ सेकंद. ग्रिनिचच्या घड्याळाने तारीख येते १९ जानेवारी २०३८. आपले साडेपाच तास मिळवा, सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. २४८५५ ला ७ ने भागून बाकी ५, १ जानेवारी १९७० गुरुवार होता, म्हणून तो मंगळवार. सिद्धिविनायकाची रांग प्रभादेवीत वळणं घेत असेल आणि घाटकोपरला गाडीत पाय ठेवायला जागा नसेल, तेव्हा दुरुस्त न केलेल्या यंत्रांचे सेकंद संपून तारीख डिसेंबर १९०१ वर उडी मारेल.

मोठ्या माशांचं माप

२०२४ च्या ऑक्टोबरात ल्यूक ड्युरंट यांनी शोधलेली मर्सेन मूळ संख्या जाहीर झाली, घातांक १३६२७९८४१. ती वहीत लिहिता येणार नाही, पण मोजता येते. अंक किती? घातांकाला २ च्या लॉगने, म्हणजे १० चा जितकावा घात केला की २ येतात त्या आकड्याने, गुणा. इथे बारावीचं लॉग टेबल काढाल तर फसाल. ०.३०१० घेतलं तर उत्तर चार हजार अंकांनी कमी पडतं. ०.३०१०३ घेतलं तर ४१०२४३२० आणि वर अर्धा, म्हणजे एक अंक जास्त. ०.३०१०२९९९५७ घ्या: ४१०२४३१९.९५. पूर्णांकात एक मिळवा, ४१०२४३२०, म्हणजे चार कोटी दहा लाखांच्या वर अंक. दशांश .९५ हा ८ च्या लॉगच्या (.९०३) पुढे आणि ९ च्या (.९५४) अलीकडे, म्हणून पहिला अंक ८.

शेवटचे दोन अंक त्याहून सोपे. २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक वीस-वीसने फिरतात, दुसऱ्या घातापासून. १३६२७९८४१ ला २० ने भागून बाकी १, म्हणून २१ वा घात घ्या: २०९७१५२. शेवटी ५२, वजा १, ५१. ताळा आपल्या संख्येवर: ३१ ची बाकी ११, अकरावा घात २०४८, वजा १, ४७. बरोबर.

सरावाला

काताल्दीने घातांक २३, २९, ३१, ३७ या चारही संख्या मूळ म्हणून सांगितल्या होत्या. ३१ आपण केला. उरलेल्या तिघांचे दोन-दोन रकाने तुम्ही आखा. २३ ला टप्पा ४६, पहिलाच उमेदवार ४७ घ्या आणि ८३८८६०७ ला भागून बघा. २९ ला टप्पा ५८, आठाची चाळणी लावलीत की १७५ आणि २३३ समोर येतात. १७५ ला काट, २३३ ने भागा, आणि थांबू नका, त्यात अजून दोन भाजक दडलेत. ३७ वा घात वजा १ म्हणजे १३७४३८९५३४७१, बारा आकडी यंत्रात अगदी काठोकाठ बसणारी. टप्पा ७४. ७५ आणि १४९ आठाच्या चाळणीत गळतात, पुढचा २२३. भागाकार आला की नऊ टाकून ताळा घ्यायला विसरू नका.